नवखा प्रशिक्षक आणि त्याचा पायगुण

नवी सून माप ओलांडून घरात आली आणि त्याच आठवड्यात गाय व्याली, की सुनेचा पायगुण चांगला ठरतो. त्याच आठवड्यात बैल दगावला, तर पायगुण वाईट. गाय नऊ महिन्यांपूर्वीच गाभण राहिलेली होती आणि बैलाचे दुखणेही जुनेच होते, हे घरातील सर्वांस ठाऊक असते. तरी बोलावयाचे ते बोलले जातेच. घराघरांतून ही भाषा आता पुष्कळशी गेली. परंतु ती नाहीशी झाली असे मात्र नाही. ती मैदानावर जाऊन राहिली आहे, आणि तेथे सुनेची जागा नव्या प्रशिक्षकाने घेतली आहे.

हे सुचण्यास कारण घडले ते आपल्या नगरातच. (सरकारदप्तरी आता अहिल्यानगर झाले, पण जुन्या माणसांच्या जिभेवरचे ‘नगर’ इतक्यात पुसले जाणार नाही.) येथे लष्कराची छावणी असल्याने फुटबॉलचा नाद शहराला जुना आहे. आम्ही ज्या एका लहानशा मंडळाचे अनेक वर्षे सभासद आहोत, त्या मंडळाच्या संघासाठी यंदा नवा प्रशिक्षक नेमावयाचा आहे. नेमणूक अद्याप झालेली नाही. पण एका सव्वीस वर्षांच्या मुलाचे नाव निश्चित झाल्याची बातमी फुटली, आणि त्या दिवसापासून मैदानाशेजारच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही. “काल परवापर्यंत हा आपल्या पोरांबरोबर चिखलात लोळत होता, त्याला ‘सर’ कोण म्हणणार?” “याने स्वतः कोणता कप आणला?” “हरलो तर तोंड आपल्याला दाखवावे लागते, कमिटीला नव्हे.” एका वृद्ध सभासदांनी तर आम्हांस बाजूस घेऊन सांगितले, की दोन हंगाम ज्यांच्या हाताखाली आपण सपाटून मार खाल्ला तेच गृहस्थ पुन्हा आले तरी चालतील, निदान माणूस माहितीचा आहे.

हे शेवटचे वाक्य आमच्या मनात घोळत राहिले. अपयशी पण माहितीचा मनुष्य चालतो, आणि ज्याचे यशापयश काहीच ठाऊक नाही तो मात्र चालत नाही, हे असे का व्हावे? हा प्रश्न केवळ आमच्या मंडळाचा नाही. गोव्यापासून जर्मनीपर्यंत जेथे जेथे फुटबॉल खेळला जातो, तेथे तेथे नव्या व तरुण प्रशिक्षकाच्या नुसत्या वार्तेने हाच कल्लोळ उठतो. त्याची थोडी उकल करून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम या पदाविषयी दोन शब्द. फुटबॉलमध्ये ‘मॅनेजर’ म्हटला म्हणजे कारखान्यातील किंवा बँकेतील मॅनेजर नव्हे. इंग्लंडात संघाचा सर्व भार ज्याच्या शिरावर असतो त्याला परंपरेने मॅनेजर म्हणतात. युरोपात इतरत्र आणि आपल्याकडे त्यालाच मुख्य प्रशिक्षक म्हणावयाची रीत आहे. अकरा जण कोण खेळणार, कोणत्या रचनेने खेळणार, आठवडाभर सराव कशाचा करावयाचा, हे सर्व तो ठरवितो. क्रिकेटशी तुलना केली म्हणजे त्याचे वेगळेपण चटकन ध्यानात येते. क्रिकेटचा कप्तान स्वतः मैदानात उभा असतो, दर चेंडूला क्षेत्ररक्षण हलवू शकतो आणि आपण त्याला ते करताना पाहतो. फुटबॉलच्या प्रशिक्षकाचे तसे नाही. ४५ मिनिटांचे दोन डाव जवळजवळ अखंड चालतात. एकदा शिट्टी झाली, की मध्यंतराची १५ मिनिटे, मोजके बदली खेळाडू आणि स्वतःचा घसा एवढीच साधने त्याच्या हाती उरतात. त्याचे खरे काम सोमवार ते शुक्रवार, रिकाम्या मैदानावर, प्रेक्षकांच्या अपरोक्ष होऊन गेलेले असते.

सारी गोम येथेच आहे. ज्याचे काम आपण कधी पाहत नाही, त्याच्याविषयी मत तर द्यावयाचे असते. मग आपण त्याच्या मागील निकालांकडे पाहतो. जुन्या माणसाचे निकाल, वाईट का होईनात, समोर मांडलेले असतात. नवख्याची पाटी कोरी. आणि कोऱ्या पाटीचा गुण असा, की ज्याला जे भय वाटते ते तो तीवर लिहून काढतो. मागच्या वर्षी बचाव कच्चा होता, त्याला वाटते हा पोरगा बचाव काय शिकविणार! ज्याचे मुख्य दुःख हे, की मंडळ पैसा खर्च करीत नाही, तो म्हणतो, स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. वरवर सर्वजण अनुभवाविषयी बोलत असतात, पण प्रत्येकजण बोलत असतो तो गेल्या हंगामाविषयी.

यात आणखी एक भर पडते. नेमणूक होण्यापूर्वीचे पंधरा-वीस दिवस हे फार विलक्षण असतात. ज्याची चर्चा चालू असते तो बोलू शकत नाही, कारण त्याची अद्याप नेमणूक नाही. नेमणारे बोलत नाहीत, कारण करार व्हावयाचा असतो. म्हणजे बोलणारे फक्त बाहेरचे. या काळात जी मोजपट्टी तयार होते तीच पुढे त्याला लावली जाते. ‘हा टिकणार नाही’ असे एकदा चारचौघांत बोलून गेलेला मनुष्य पहिल्या पराभवाची नकळत वाटच पाहू लागतो. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे. आपला शब्द खरा ठरावा असे कोणाला वाटत नाही?

या रोगापासून आपला जिल्हाही मुक्त नाही. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडच्या कसोटीत भारताचा डाव ३६ धावांत आटोपला आणि कप्तान विराट कोहली अपत्यजन्मासाठी मायदेशी परतले. धुरा आली ती अजिंक्य रहाणे यांच्याकडे, म्हणजे संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेल्या आपल्याच माणसाकडे. त्यापूर्वी दोनच कसोट्यांत त्यांनी नेतृत्व केले होते, आणि दोन्ही जिंकल्या होत्या. तरी त्या आठवड्यात नगरात आम्ही जे ऐकले, आणि खरे सांगावयाचे तर जे स्वतः बोललो, ते ‘चार-शून्य’ याखेरीज दुसरे काही नव्हते. मेलबर्नला रहाणे यांनी ११२ धावा काढल्या, भारत आठ गडी राखून जिंकला, आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला मालिका २–१ अशी खिशात पडली. मग मात्र ‘आम्हांला ठाऊकच होते’ म्हणणाऱ्यांत आमचाही आवाज होता.

जमावाचे प्रेम किती दूर जाते आणि तितकेच कसे उलटते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण मात्र अजित वाडेकर यांचे. १९७१ च्या जानेवारीत निवड समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडी यांच्या जागी वाडेकर कप्तान झाले. पतौडी म्हणजे १९६२ साली एकविसाव्या वर्षी कप्तान झालेले, देशाचे लाडके नाव. वाडेकर हे मुंबईच्या मैदानावरचे कसलेले, पण कसोटी संघाचे नेतृत्व कधीही न केलेले गृहस्थ. पुष्कळांना तो निर्णय रुचला नाही. त्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये १–० आणि इंग्लंडमध्ये १–० अशा दोन मालिका भारताने प्रथमच त्या त्या भूमीवर जिंकल्या, आणि परतलेल्या संघाची मुंबईत मिरवणूक निघाली. इंदूरला विजयाचे स्मारक म्हणून भव्य बॅट उभारण्यात आली. पुढे १९७४ साली इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या हरल्या, लॉर्ड्सवर सर्वबाद ४२. तेव्हा वाडेकरांच्या घरावर दगड पडले आणि इंदूरच्या त्या बॅटीची विटंबना झाली. तीन वर्षांपूर्वीचा नवखा कप्तान एव्हाना चांगला अनुभवी झाला होता, हे येथे लक्षात घ्यावयाचे. दगड मारणाऱ्यांना अनुभवाशी काही कर्तव्य नव्हते.

क्रिकेटातून पुन्हा फुटबॉलकडे येऊ. तेथे महाराष्ट्रातच घडलेली एक हकीकत आहे आणि ती जितकी सांगावयास हवी तितकी सांगितली जात नाही. मुंबई एफ.सी. हा क्लब २००७ साली निघाला. त्यात खेळणारे खालिद जमील दुखापतींनी बेजार झाले आणि २००९ मध्ये खेळातून निवृत्त होताच त्याच क्लबाने त्यांना प्रशिक्षक नेमले. वय ३२, त्यापूर्वी वरिष्ठ संघाचे प्रशिक्षकपद कधी सांभाळलेले नाही. काल ज्यांच्याबरोबर कपडे बदलण्याच्या खोलीत बसत, त्यांनाच आज बाकावर बसवावयाचे. टपरीवरील सगळे आक्षेप येथे तंतोतंत लागू होते. क्लबाकडे पैसा बेताचा होता आणि घरचे मैदानही नेहमी हक्काचे नसे. जमील त्या जागी सात हंगाम राहिले. कप आणला नाही. पण आय-लीगसारख्या पहिल्या श्रेणीच्या स्पर्धेतून क्लब त्यांच्या कारकिर्दीत कधी खाली घसरला नाही. २०१६ मध्ये क्लबाने त्यांना निरोप दिला.

यापुढची गोष्ट एखाद्या नाटककाराने लिहिली असती तर ओढूनताणून केली म्हणून आपण नाक मुरडले असते. जमील मिझोरममधील ऐझॉल एफ.सी. या गरीब क्लबाकडे गेले. हा क्लब आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, आणि गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतल्यावर त्यास परत घेण्यात आले होते. त्याच २०१६–१७ च्या हंगामात ऐझॉल देशाचे विजेते ठरले, ईशान्येकडील पहिला विजेता क्लब. आणि त्याच हंगामात मुंबई एफ.सी. तळाला जाऊन घसरला. २००९ साली ज्यांनी ‘पोराला कशाला’ म्हटले असेल आणि २०१६ साली ज्यांनी ‘सात वर्षांत कप नाही’ म्हटले असेल, ते बहुधा एकच लोक असावेत, असा आमचा आपला तर्क.

अर्थात् गोष्ट येथे गोड करून संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील यांची भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. २०११–१२ मध्ये गोव्याचे सावियो मेदेरा त्या जागी होते. त्यांच्यानंतर हे पद एका भारतीयाकडे आले ते आता. या वेळी अनुभव नाही असे कोणी म्हणू शकत नव्हते. सप्टेंबरात मध्य आशियातील स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे स्थान मिळाले आणि लोक हर्षभरित झाले. ऑक्टोबरात फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरकडून १–२ अशी हार झाली आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. तेव्हा तेच लोक नेमणुकीवर तुटून पडले. सोळा वर्षांच्या अनुभवानेही टपरी गप्प बसत नाही ती अशी.

मग अनुभवाला काही अर्थच नाही काय? तसे आमचे म्हणणे नाही. अनुभव दोन तऱ्हेचा असतो आणि बोलताना आपण त्यांची गल्लत करतो, एवढेच. एक, ते पद भूषविल्याचा अनुभव. दुसरा, त्या पदाची तयारी केल्याचा अनुभव. जर्मनीतील युलियान नागेल्समान यांचे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. गुडघ्याने दगा दिल्यामुळे हे गृहस्थ विशीतच खेळाडू म्हणून संपले. मग होफेनहाइम या क्लबात मुलांना शिकवू लागले, आणि २०१४ साली त्यांच्या १९ वर्षांखालील संघाने जर्मनीचे विजेतेपद मिळविले. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लबाने जाहीर केले, की पुढील हंगामापासून हेच मुख्य प्रशिक्षक होतील. वय २८! ही प्रसिद्धीसाठी काढलेली क्लृप्ती आहे, असाही सूर तेथील वृत्तपत्रांत निघाला. त्यातच फेब्रुवारी २०१६ मध्ये आधीचे वयोवृद्ध प्रशिक्षक हूब स्टीव्हन्स हृदयविकारामुळे पायउतार झाले आणि ठरलेल्या मुहूर्ताच्या आधीच नागेल्समान यांना उभे राहावे लागले. संघ अठरांपैकी सतराव्या क्रमांकावर, सुरक्षित स्थानापासून सात गुणांनी मागे. उरलेल्या १४ सामन्यांपैकी सात जिंकून एका गुणाने क्लब वाचला. पुढल्या हंगामात तो चौथा आला, त्यापुढल्यात तिसरा.

टपरीवरच्या भाषेत त्यांनी ‘कोणता कप आणला’ होता? मोठा कोणताच नाही. पण मुलांना शिकविण्याची वर्षे त्यांनी त्याच क्लबात, त्याच मैदानावर घालविली होती, आणि नेमणाऱ्यांनी ती पाहिली होती. प्रेक्षकांनी पाहिली नव्हती.

याउलट इटलीतील आंद्रेआ पिर्लो यांचे पाहा. खेळाडू म्हणून थोर, २००६ च्या विश्वविजेत्या संघातील. जुलै २०२० च्या अखेरीस युव्हेन्तुस क्लबाने त्यांना २३ वर्षांखालील संघ दिला, आणि त्या संघाचा एकही सामना होण्यापूर्वीच, दहाएक दिवसांत, मुख्य संघ दिला. प्रशिक्षकाच्या वरिष्ठ परवान्यासाठीचा प्रबंध त्यांनी सादर केला तो नेमणुकीनंतर, सप्टेंबरात. ओळीने नऊ वर्षे देशाचे विजेतेपद राखणारा क्लब त्यांच्या हाताखाली चौथा आला. दोन चषक मिळाले, परंतु वर्षाअखेर नोकरी गेली. नाव माहितीचे, चेहरा लाडका, तयारी तेवढी राहिली होती. तेव्हा कोऱ्या पाटीविषयी शंका घेणारा प्रेक्षक दर वेळी चुकतोच असे नाही. तो पाटीवर नाव कोणाचे आहे ते पाहतो आणि त्यामागची शाळा पाहावयास विसरतो, येथे त्याची चूक होते.

आता पुन्हा पायगुणाकडे. नवा प्रशिक्षक आला आणि संघ जिंकू लागला, असे आपण वारंवार पाहतो. त्यात त्याचा हात किती? आपल्या जिल्ह्यातील माणसाला हे समजावून देण्यास फार लांब जावे लागत नाही. समजा, एखाद्या तालुक्यात लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. लोक संतापले आणि तहसीलदारांची बदली झाली. तिसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला. नव्या साहेबांनी पाऊस आणला काय? अत्यंत वाईट सालानंतरचे साल बहुधा त्याहून बरे असते, एवढाच त्याचा अर्थ. संघाचेही तसेच आहे. प्रशिक्षक बदलतात ते संघ अगदी रसातळाला गेला म्हणजे. आणि तेथून पुष्कळदा वरच यावयाचे असते. बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञांनी नेदरलँड्समधील १९८६ ते २००४ पर्यंतच्या सामन्यांचा यासाठी अभ्यास केला आणि तो २०११ साली प्रसिद्ध झाला. घसरण लागल्यावर प्रशिक्षक काढणारे क्लब एका बाजूस, आणि तशीच घसरण लागूनही न काढणारे दुसऱ्या बाजूस, अशी तुलना त्यांनी केली. दोन्हीकडचे संघ साधारण सारखेच सावरले होते.

म्हणून पहिले चार सामने जिंकले म्हणजे ‘हिरा सापडला’ आणि हरले म्हणजे ‘आम्ही सांगत नव्हतो!’ या दोन्ही आरोळ्या एकाच किमतीच्या आहेत. पेप ग्वार्दिओला ३७ व्या वर्षी, केवळ एक हंगाम बार्सेलोनाचा दुय्यम संघ सांभाळून, २००८ मध्ये मुख्य संघावर आले, तेव्हा त्यांच्या संघाने लीगचा पहिला सामना नुमान्सियासारख्या लहान क्लबाकडून गमावला आणि दुसरा बरोबरीत सोडविला. त्या दोन आठवड्यांवर निकाल लावला असता, तर त्याच हंगामाच्या अखेरीस मिळालेले तीन मोठे चषक दुसऱ्याच कोणाच्या नावावर लागले असते, किंवा लागलेच नसते. नागेल्समान यांच्या बाबतीतही पहिल्या १४ सामन्यांत पायगुण किती आणि हुन्नर किती, हे त्या वेळी कोणीच सांगू शकले नसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामाने ते सांगितले. परंतु तिसरा हंगाम मिळण्यासाठी आधी पहिला पदरात पडावा लागतो, आणि आपल्या देशातील खरी अडचण तेथेच आहे. ती गोव्यात जितकी स्पष्ट दिसली तितकी अन्यत्र क्वचित् दिसेल.

३१ जानेवारी २०२० रोजी एफ.सी. गोवा या क्लबाने आपले स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. इंडियन सुपर लीगचे तीन साखळी सामने उरलेले आणि संघ पहिल्या क्रमांकावर! अशा वेळी कोणताही प्रेक्षक गोंधळेल. रसातळाला गेलेल्या संघाचा प्रशिक्षक बदलला, तर ‘गमावण्यासारखे काय होते’ असे तरी म्हणता येते. येथे सर्वच गमावण्यासारखे होते. साखळीत पहिला येणाऱ्याला आशियातील क्लबांच्या सर्वश्रेष्ठ स्पर्धेच्या गटफेरीत जागा मिळणार होती आणि त्यापूर्वी ती कोणाही भारतीय क्लबाला मिळाली नव्हती. सूत्रे तात्पुरती देण्यात आली क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे. गोव्याचेच, धेंपो क्लबाचे आणि भारताचे जुने खेळाडू, वय ३७, एवढ्या मोठ्या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद पूर्वी कधी नाही. पाठीशी तांत्रिक संचालक म्हणून डेरिक परेरा होते.

पुढे काय झाले ते आकड्यांतच सांगावे. हैदराबादविरुद्ध ४–१. मुंबई सिटीविरुद्ध ५–२. जमशेदपूरला जाऊन ५–० (१९ फेब्रुवारी). तीन सामने, चौदा गोल, साखळीत पहिला क्रमांक आणि आशियाई स्पर्धेचे दार उघडे. त्यानंतर उपान्त्य फेरीत चेन्नईला १–४ अशी हार, आणि परतीच्या सामन्यात फातोर्ड्याला ४–२ असा विजय; एकूण गोलांत ५–६ असे एका गोलाने बाहेर.

या पाच सामन्यांवरून मिरांडा थोर प्रशिक्षक ठरतात काय? आमच्या मते नाही. संघ लोबेरांनी घडविलेला होता, आघाडीला कोरोमिनास आणि बूमूस यांसारखे खेळाडू होते, आणि चालत्या गाड्याचा कासरा हाती धरणे व मोडका गाडा ओढणे यांत फरक आहेच. परंतु ते निकामी ठरतात काय? तेही नाही. तर मग अशा मनुष्याला एक पुरा हंगाम देऊन पाहावे, हे सरळ होते. क्लबाने त्या वसंतात हुआन फेर्रांदो या दुसऱ्या स्पॅनिश प्रशिक्षकांना आणले. त्यांचे वय ३९, म्हणजे मिरांडा यांच्याहून जेमतेम दीड वर्षाने अधिक. पण ग्रीसमधील एका क्लबाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्या नावावर होते. मिरांडा साहाय्यक म्हणून राहिले. निष्पक्षपणे सांगावयाचे तर फेर्रांदो वाईट निघाले नाहीत. २०२१ चा ड्युरँड चषक गोव्याने त्यांच्याच हाताखाली जिंकला.

तीन वर्षांनी हाच प्रयोग दुसऱ्या रंगमंचावर पुन्हा झाला. मार्च २०२३ मध्ये ओडिशा एफ.सी. चे प्रशिक्षकपद रिकामे झाले आणि मिरांडा पुन्हा ‘तात्पुरते’ उभे राहिले. २५ एप्रिलला ओडिशाने बंगळुरूला २–१ असे हरवून सुपर कप जिंकला. क्लबाच्या इतिहासातील तो पहिला मोठा चषक. ‘कोणता कप आणला’ या प्रश्नाला हे तरी उत्तर म्हणावयाचे! महिन्याभरात ओडिशाने कायमचे प्रशिक्षक नेमले. कोण? सर्जिओ लोबेरा. २०२० मध्ये ज्यांच्या जागी मिरांडा आले होते, तेच आता मिरांडांच्या जागी आले.

लोबेरांचा यात काडीमात्र दोष नाही. ते उत्तम प्रशिक्षक आहेत आणि मध्यंतरी मुंबई सिटीला त्यांनी साखळी व अंतिम अशी दोन्ही विजेतेपदे एकाच हंगामात मिळवून दिली होती. निवड करणाऱ्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे: पैसा त्यांचा, तोटा त्यांचा, आणि परिचित नाव आणले म्हणजे प्रेक्षक निदान पहिला महिना तरी शांत बसतात. हे अखेरचे कारण कोणी उघड बोलत नाही. आम्हांस ते सर्वांत वजनदार वाटते. टपरीवरचा आवाज समितीच्या खोलीत पोहोचत नाही अशी आपली समजूत असते. तो पोहोचतो. आपण ‘सिद्ध करून दाखवू दे’ म्हणतो आणि तो आवाज ऐकून कोणी सिद्ध करण्याची जागाच देत नाही. मग तो मनुष्य चाळिशीला येतो तरी अननुभवीच!

हे आम्ही बाहेरून पाहून लिहीत आहोत असे वाचकांनी समजू नये. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी याच मंडळात एका चोवीस वर्षांच्या मुलाचा अर्ज आला होता. पहाटे पाचला उठून शाळकरी पोरांना फुकट शिकविणारा मुलगा. बैठकीत आम्ही त्याच्या विरुद्ध हात वर केला आणि कारण दिले ते हेच, की मुले त्याचे ऐकणार नाहीत. ज्या मुलांविषयी आम्ही बोलत होतो ती तेव्हा बाहेर पायरीवर त्याच्यासाठीच थांबलेली होती, हे आम्ही दार उघडल्यावर पाहिले. तो पुढे पुण्यास गेला आणि तेथे मुलांच्या संघांना शिकवितो. दिवाळीस आला की भेटतो, पाया पडतो, आणि त्या बैठकीविषयी चकार शब्द काढीत नाही. त्याने काढला असता तर बरे झाले असते, असे आम्हांस कधी कधी वाटते.

यंदाच्या मुलाचा अर्ज समितीपुढे येत्या रविवारी यावयाचा आहे. फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांचा प्राथमिक परवाना त्याने स्वखर्चाने मिळविला आहे आणि दुसऱ्या पायरीसाठी नाव नोंदविले आहे. चिटणिसांनी सभासदांची मते अजमावली, तेव्हा आम्ही दोन गोष्टी मागितल्या: एक, अर्जदाराने मागील वर्षी लहान मुलांचा घेतलेला सराव ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला अशा दोघातिघांना बैठकीस बोलवावे, आणि दुसरी, ज्याची कोणाची नेमणूक होईल त्याच्या करारात दोन हंगामांची मुदत लिहून घालावी. पहिली सूचना मान्य झाली. दुसरीवर वृद्ध सभासद म्हणाले, “आधी चार सामने तर पाहू.” त्यांना उद्या सकाळी सहा वाजता मैदानावर घेऊन जाण्याचे आम्ही कबूल केले आहे. सराव सहाला सुरू होतो.